प्रश्न तुमचे, वावरातले: कापसाचा ओलावा, काळ्या मातीच्या भेगा आणि एनपीकेची काडी

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे. कापूस घरात येऊन पडलाय, संत्र्याच्या बागा ताणावर आहेत (फुलोरा यावा म्हणून पाणी तोडलं आहे), माणसाला घडीभर टेकायला मिळालं की प्रश्न सुचतात. नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी आर्वी तालुक्यात राहते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून अकरा वर्षं पुण्यात सेन्सरचे बोर्ड जोडले, तपासले. मग मामंजींना एकट्यानं वावर झेपेना म्हणून परत आले. आता पडवीत माझं टेबल आहे, सोल्डरिंगचं सामान आहे, जुना ऑसिलोस्कोप आहे, आणि पडवीसमोर साडेपाच एकर काळी जमीन. उत्तरं या दोन्हींच्या मधून येतात.

प्रश्न : घरी मीटर लावलं तर कापसाचा ओलावा १० दाखवतं. तोच कापूस विकायला नेला तर तिथल्या मीटरवर १३. दोन्ही मीटर दोन खिळ्यांचीच. खोटं कोण बोलतं? (कापूस उत्पादक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : दादा, तुमचा राग समजतो. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, आणि १२ च्या वर गेलं की गाडी परत. तुमची सगळी खेप या ३ टक्क्यांत अडकली आहे. पण दोन्ही मीटर खरी असूनही एवढा फरक पडू शकतो. तो कसा पडतो ते आधी सांगते, कारण ते ठाऊक नसलं तर खरेदीच्या जागी आपल्याला बोलता येत नाही.

त्या खिळ्यांना पाणी कळत नाही, विजेचा रोध कळतो. कोरडी रुई वीज जवळपास जाऊच देत नाही. जुन्या तारांवर सुताचं वेष्टन असायचं ते त्याचसाठी. ओलावा जरासा वाढला की मात्र हा रोध कैक पटींनी कोसळतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मर्फी आणि वॉकर या दोघांनी १९२८ मध्ये सुताचा ओलावा आणि रोध यांचं हे नातं मांडलं. आपलं मीटर अजून त्याच नात्यावर चालतं: रोध मोजायचा, आत साठवलेल्या तक्त्यात पाहायचा आणि टक्के दाखवायचे.

आता हा रोध ओलाव्याशिवाय आणखी कशाकशानं बदलतो ते पाहा. कापूस दाबला की खिळ्यांमध्ये जास्त तंतू येतात, एकमेकांना घट्ट चिकटतात, विजेला जास्त वाटा मिळतात. ओलावा तोच राहून आकडा वर जातो. मागच्या हंगामात मी एकाच गाठोड्यातला कापूस हलक्या हातानं दाबून मोजला तर ९ आला आणि गुडघा देऊन दाबला तर ११ च्या वर गेला. कापूस उन्हानं तापलेला असेल तरी आकडा चढतो. वेचताना हाताचा घाम लागला असेल तर त्यातलं मीठ तंतूवर राहतं आणि तेही वीज वाहून नेतं. सकाळच्या दवात वेचलेल्या कापसात पाणी तंतूच्या वरच बसलेलं असतं, आत मुरलेलं नसतं. तिथे मीटर फारच घाबरतं. शिवाय तक्ता कशाचा आहे हा प्रश्न आहेच. काही मीटरांचा तक्ता सरकी काढलेल्या रुईचा असतो, काहींचा सरकीसकट कापसाचा. बाजारात स्वस्तात मिळणारी बरीच दोन खिळ्यांची मीटर मुळात लाकडासाठी असतात. तुमच्या मीटरच्या पाठीवर किंवा कागदावर ‘वूड’ असं काही लिहिलं आहे का, ते आधी बघा.

आणखी एक भानगड हिशेबाची. १०० ग्रॅम ठणठणीत कोरड्या रुईत साडेआठ ग्रॅम पाणी असेल तर कापड धंद्यातली माणसं ‘साडेआठ टक्के’ म्हणतात, कारण ते कोरड्या वजनावर मोजतात. ओल्या वजनावर मोजलं तर तेच साडेआठ भागिले एकशे साडेआठ, म्हणजे ७.८ टक्के होतात. दोन मीटरांचे हिशेब वेगळे असले तर पाऊण टक्का इथेच गेला.

मग करायचं काय? मी एक साधी सोय केली आहे. पत्र्याचा जुना दोन किलोचा डबा घ्या. बाजूला खिळे जातील एवढी दोन भोकं पाडा. दरवेळी डब्यात तेवढाच कापूस तोलून भरा आणि वर लाकडी चकती ठेवून तिच्यावर २ किलोचं वजन ठेवा. पाच मिनिटं थांबा, मग मोजा. पाच वेगवेगळ्या जागचे नमुने मोजून सरासरी काढा. दाब दरवेळी सारखा राहिला की तुमचे आकडे एकमेकांशी तरी जुळतात.

आणि एकदा, हंगामात एकदाच, खरं मोजून घ्या. सरकीसकट २५० ग्रॅम कापूस हवाबंद डब्यात भरून कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत न्या. तिथल्या भट्टीत १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवून घ्या. २५० चे २२६ झाले तर गेलं पाणी २४ ग्रॅम, म्हणजे ९.६ टक्के. त्याच कापसावर तुमचं मीटर किती दाखवत होतं ते लिहून मीटरच्या पाठीवर चिकटवा. माझ्या मीटरच्या पाठीवर ‘१ वजा करा’ असं लिहिलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमचीही गाडी एका खरेदीच्या ठिकाणी अडवली होती. मीटर थेट ढिगाच्या तळाशी खुपसलं होतं, वर पंधरा क्विंटल कापसाचा भार. मी भांडले नाही. म्हटलं, याच थरातला कापूस काढून या डब्यात मोजा, मी बाजूला उभी राहते. मोजला, १२ च्या आत आला, गाडी लागली. तुम्हीही डबा सोबत न्या. दव उतरल्यावर वेचा, रात्री कापूस ताडपत्रीखाली कोंडू नका, आणि खरेदीच्या जागी ‘मीटर खोटं आहे’ असं म्हणण्याऐवजी ‘मोकळ्या कापसात परत मोजा’ म्हणा. या मागणीला नाही म्हणणं कुणालाही कठीण जातं.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत मातीच्या ओलाव्याचा सेन्सर पुतण्यानं बसवून दिला. अंबिया बहाराच्या ताणावर तो एकदम शून्यावर गेला. झाडं जास्त ताणली असं समजून मी पाणी सोडलं. मागच्या साली बहार धड फुटलाच नाही. पावसाळ्यात उलटं, पहिल्याच पावसात सेन्सर पूर्ण भरला. असं काऊन होते? (बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती)

उत्तर : भाऊ, हे पत्र मी तीनदा वाचलं. एक बहार जाणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

तुमच्या पुतण्यानं बसवलेला सेन्सर म्हणजे चपटी काडी, आत तांब्याच्या दोन पट्ट्या, वर हिरवा किंवा काळा रंग. तो विजेची साठवण मोजतो. दोन पट्ट्यांच्या मध्ये जे असेल त्यावर ही साठवण ठरते. साठवण किती पट होते तो गुणांक हवेचा १, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि पाण्याचा ८० च्या आसपास. पाण्याचा आकडा एवढा मोठा असल्यामुळे मातीत थोडं पाणी वाढलं तरी ते उठून दिसतं. कल्पना उत्तम आहे, आणि वाळूत, पोयट्यात ती छान चालते.

आपली काळी माती वेगळी आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. ताणावर बागेत हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे तुम्ही रोज पाहता. भेग पडताना ती जिथे माती आधीच दुखावलेली असते तिथून जाते, आणि सेन्सर खोचलेली जागा दुखावलेलीच असते. त्यामुळे भेग नेमकी काडीला चिकटून पडते. मग काडीच्या एका बाजूला माती आणि दुसऱ्या बाजूला हवा. सेन्सर म्हणाला शून्य, कारण तो हवा मोजत होता. वीतभर पलीकडे मुळांजवळ ओल असेल, नव्हे असणारच. तुम्ही ताण वेळेआधी तोडलात. पहिल्या पावसात पाणी त्याच भेगेत उतरलं, काडी पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली भरलं. तेव्हा मुळांची माती अजून कोरडी होती.

दुसरी गोष्ट, स्वस्त काड्यांची विजेची लहर सावकाश असते. अशा लहरीला मातीतले क्षारही ओलाव्यासारखे दिसतात. ठिबकातून खत सोडलं की आकडा वाढतो तो त्यामुळे. चांगल्या सेन्सरांत लहर सेकंदाला पाच ते सात कोटी वेळा फिरवतात, मग क्षारांचा त्रास बराच कमी होतो. आणि तिसरी गोष्ट, काडीच्या कापलेल्या कडा. वरून रंग असतो, पण कडेला फायबरचा उघडा काप असतो. त्यातून पाणी आत झिरपतं आणि वर्षभरात काडी आतूनच ओली होते. एवढीशी चूक सगळ्या कामावर पाणी फिरवते.

आता उपाय. काडी उपटून वाळवा, कडांना दोन वेळा इपॉक्सी लावा, वरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या भागालाही. मग ती खोचू नका. झाडाच्या ठिबकाच्या कडेला, बुंध्यापासून दूर, तिरपं भोक पाडा, त्याच भोकातली माती चाळून पातळ चिखलाचा गारा करा, भोकात ओता आणि काडी त्या गाऱ्यात सोडा. गारा वाळताना काडीला धरून बसतो. तिरपी बसवल्यानं वरून येणारी भेग सरळ काडीवर उतरत नाही. एक काडी २० सेंटिमीटरवर, एक ४५ वर. दोन्ही एकदम शून्यावर गेल्या तर खरं. एकच गेली तर खुरपीनं उकरून बघा.

आणि हे आकडे तुमच्या मातीचे करून घ्या. पाच डबे, पाचांत तुमच्याच बागेतली वाळलेली, फोडलेली माती सारखी तोलून भरा. एकात पाणी घालू नका, बाकीच्यांत वाढतं पाणी मोजून घाला, झाकून दोन दिवस मुरू द्या. प्रत्येकात काडी घालून आकडा लिहा. मग कागदावर रेघ काढा. कंपनीनं दिलेली रेघ कुठल्या तरी परक्या मातीची असते.

एवढं करूनही एक गोष्ट ही काडी सांगू शकत नाही. ती सांगते मातीत पाणी किती आहे; झाडाला ते ओढता येतं का, हे तिला माहीत नसतं. वाळूत १५ टक्के पाणी म्हणजे झाडाची चैन. काळ्या मातीत २५ टक्के असूनही झाड मान टाकू शकतं, कारण चिकणमाती ते पाणी सोडत नाही. हा धरून ठेवण्याचा जोर मोजायला टेन्शिओमीटर असतो. खाली सच्छिद्र भाजक्या मातीचा कप, वर पाणी भरलेली नळी, टोकाला निर्वाताचा काटा. माती कोरडी होत गेली की कपातून पाणी ओढते आणि काटा चढतो. मला हे साधन फार आवडतं. बॅटरी नाही, चिप नाही, सगळी हुशारी त्या भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांत. पण ८० सेंटिबारच्या (सेंटिबार म्हणजे या ओढीचं माप) पुढे त्याच्यात हवा शिरते आणि ते बंद पडतं. आपल्या मातीत ताण त्याच्या पुढे जातो. म्हणून बहार फुटल्यावर, फळ धरल्यावर पाणी द्यायला टेन्शिओमीटर वापरा. ताण मोजायला जिप्समच्या ठोकळ्याच्या जातीचा दाणेदार सेन्सर लावा, तो २०० सेंटिबारपर्यंत जातो. आणि या वर्षी ताण तोडायच्या आधी पानं बघा. तुमच्या वडिलांनी पानं बघूनच बाग जगवली असेल.

प्रश्न : मातीत खोचला की नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे एनपीके) तिन्ही मोबाइलवर दाखवणारा सात-इन-वन सेन्सर घ्यावा का? (तरुण शेतकरी, ता. चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : घेऊ नका. त्या स्टीलच्या काड्या मातीची विद्युतवाहकता मोजतात, आणि त्या एका आकड्याला ठरावीक गुणकांनी गुणून नत्र, स्फुरद, पालाश अशी तीन नावं देतात. कुणा मित्राकडे असेल तर ताडून बघा. पेलाभर शुद्ध पाण्यात चमचाभर जेवणातलं मीठ विरघळवा आणि काड्या त्यात धरा. तिन्ही आकडे उड्या मारतील. मिठात नत्र कुठून आलं?

नायट्रेट ओळखणारे सेन्सर असतात. १९७० मध्ये नेदरलँड्समध्ये पीट बर्गव्हेल्ड यांनी ट्रान्झिस्टरची धातूची पट्टी काढून तिच्या जागी थेट द्रावण टेकवलं आणि आयन (द्रावणातले विजेचा भार असलेले कण) ओळखणारा ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याच्यावर जो लेप द्याल तो आयन तो ओळखतो. पण त्याला मातीचं गाळलेलं द्रावण लागतं, लेप जपावा लागतो, वरचेवर तपासावं लागतं. कोरड्या ढेकळात खोचून ते जमत नाही. त्या पैशात मृद आरोग्य पत्रिकेसाठी नमुना द्या, त्यात १२ घटक येतात. नमुना बांधाजवळचा किंवा शेणखताच्या ढिगाजवळचा घेऊ नका, एवढं सांभाळा.

प्रश्न : लसीच्या कुपीवर गोलात चौकोन असतो आणि तो गडद होत जातो. गावातली पोरं विचारतात, यात चिप आहे का? मला सांगता आलं नाही. (आरोग्यसेविका, ता. धारणी, जि. अमरावती)

उत्तर : ताई, तुमच्या पोरांना माझा नमस्कार सांगा. चिप नाही, आणि तरीही तो एक पक्का सेन्सर आहे. मेळघाटात जिथे लाइन नाही, रेंज नाही, तिथे तोच कामाला येतो.

त्या चौकोनात डायअ‍ॅसिटिलीन जातीचं रसायन असतं. सुरुवातीला त्याचे रेणू सुटे सुटे आणि बिनरंगी असतात. उष्णता मिळाली की ते एकमेकांचे हात धरून लांब साखळ्या करतात, आणि साखळी झाली की रंग चढतो. साखळी परत सुटत नाही. म्हणून डबा मधे दोन तास उन्हात राहिला आणि मग पुन्हा बर्फात ठेवला तरी ते दोन तास चौकोनात कायमचे लिहिले जातात. थर्मामीटर फक्त आत्ताचं सांगतो. हा चौकोन कारखान्यापासून तुमच्या हातापर्यंतच्या सगळ्या उष्णतेची बेरीज ठेवतो. भोवतीचा गोल म्हणजे तुलनेसाठी छापलेला साधा रंग. चौकोन गोलापेक्षा फिका तोवर वापरायचं, सारखा झाला किंवा गडद झाला की नाही. हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलं आहेच.

पोलिओच्या कुपीवर हा १९९६ पासून आला. प्रत्येक लसीच्या स्वभावाप्रमाणे रसायन जुळवलेलं असतं. नाजूक लसीचा चौकोन ३७ अंशांवर २ दिवसांत पूर्ण चढतो, दणकट लसीचा ३० दिवसांत. साहित्य वस्तूच्या मापानं शिवून घेणं ते हेच.

पोरांना एक मर्यादाही सांगा. हा चौकोन थंडी ओळखत नाही. पेंटाची (पाच रोगांची एकत्र लस) किंवा टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची लस) कुपी बर्फाला टेकून गोठली तर ती बिघडते आणि चौकोन मात्र पांढराफटक राहतो. त्यासाठी तुम्ही शेक टेस्ट करता, म्हणजे कुपी हलवून ती गोठली होती का ते बघता, ती करायचीच.

प्रश्न : मोटरचं मोबाइल ऑटो दर पावसाळ्यात वीज कडाडली की जळतं. (ता. अंजनगाव सुर्जी)

उत्तर : ऑटोच्या, म्हणजे मोबाइलवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीच्या, आत पंखा-बटणाएवढी निळी किंवा पिवळी चकती असते, तिला व्हॅरिस्टर म्हणतात. जस्ताच्या ऑक्साइडचे दाणे भाजून ती करतात. दोन दाण्यांच्या सीमेवर साधारण ३ व्होल्टपर्यंत वीज अडते, त्यापुढे वाट सुटते. असे शेकडो दाणे एकामागे एक. एरवी ती गप्प असते, दाब उसळला की तो स्वतःतून जमिनीत सोडते. पण जमिनीत सोडायला अर्थिंग हवं, आणि आपल्याकडे बहुतेक मोटरघरांत अर्थिंगची तार एखाद्या खिळ्याला गुंडाळलेली असते. कोळसा-मीठ घालून धड खड्डा करा, उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. व्हॅरिस्टर दर झटक्यागणिक थोडा थोडा खचतो, म्हणून जूनच्या आधी बदलून घ्या, वायरमनकडून, लाइन बंद करून. ढग गडगडत असताना पेटीला हात लावू नका.

प्रश्न : आमच्या काळ्या मातीसाठी आपलीच चिप बनवता येईल का? प्रोजेक्टला हा विषय घ्यावा म्हणतो. (तंत्रनिकेतनचा विद्यार्थी, पुसद)

उत्तर : येईल. पण त्याच्या आधीची एक पायरी बहुतेक पोरं गाळतात.

चिप बनवायला सिलिकॉनच्या तबकडीवर थरामागून थर छापतात आणि प्रत्येक थराचा एक छाप लागतो. हे छाप फार महाग, म्हणून एकट्याच्या चिपसाठी अख्खी तबकडी परवडत नाही. अमेरिकेत १९८१ मध्ये मोसिस नावाची सोय सुरू झाली: अनेकांची डिझाइनं एकाच तबकडीवर शेजारी शेजारी छापायची आणि खर्च वाटून घ्यायचा. चार घरांनी मिळून एक ट्रॉली करून बाजारात जावं तसं. २०२० पासून तर स्कायवॉटर या कारखान्याच्या १३० नॅनोमीटरच्या छपाईचे नियम सगळ्यांना खुले झाले आहेत; विद्यार्थी फुकट सॉफ्टवेअरवर डिझाइन करू शकतात. आपल्याकडे मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरची छपाई होते. बातम्यांतले ३ नॅनोमीटरचे आकडे वाचून १८० म्हणजे जुनाट असं समजू नका. मातीचा सेन्सर वाचायला बारीक ट्रान्झिस्टरांची गर्दी लागत नाही. लागतो तो शांत, स्थिर, थोडा दाब सोसणारा अ‍ॅनालॉग भाग, आणि तो १८० वर उत्तम होतो.

आता ती गाळलेली पायरी, म्हणजे आपला स्वतःचा बोर्ड. तयार चिप घ्यायची, पण तिच्याभोवतीचं सगळं आपल्या कामाच्या मापाचं करायचं. फरक किती पडतो ते हिशेबानं दाखवते. शिकायच्या तयार बोर्डावर लाल दिवा असतो, यूएसबीची चिप असते, उधळा रेग्युलेटर असतो; तो झोपलेला असतानाही १० मिलिअँपिअर खाऊ शकतो. २,५०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलवर हा दहा दिवसांत संपला. त्याच प्रोसेसरचा आपला बोर्ड, फालतू काही नाही, झोपेत १० मायक्रोअँपिअर. तासातून एकदा २ सेकंद जागा होऊन ३० मिलिअँपिअर घेतो. दिवसाला झोपेचे पाव आणि जागेपणीचे ०.४, मिळून पाऊण मिलिअँपिअर-तासांच्याही आत. कागदावर हा सेल साडेदहा वर्षं जातो. मेच्या उन्हात आणि स्वतःच्या झिजेत त्यातलं बरंच जाईल, पण दोन हंगाम सेल बदलायला वावरात जावं लागत नाही. निरोप पाठवायला लोरा (कमी विजेत दूरवर निरोप नेणारा रेडिओ) घ्या. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरलेल्या मर्यादेत परवाना लागत नाही आणि उभ्या तुरीपलीकडेही निरोप पोचतो.

असे वीस बोर्ड करा. रंगवा, कडा बुजवा, पेटीत तार शिरते तिथे मुंग्या जाणार नाहीत असं घट्ट बूच (केबल ग्लँड) लावा, तार लोखंडी नळीतून न्या (उंदीर कुरतडतात, आणि रोही बाग ओलांडताना मोकळी तार ओढून नेतात). दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा आकडे गोळा करा. काळ्या मातीत कोणती लहर चांगली चालते, भेग पडताना आकडा कसा मोडतो, ४५ अंशांच्या दुपारी बोर्ड किती बहकतो, हे त्यातून कळेल. ही माहिती हातात असली की चिपमध्ये काय घालायचं ते आपोआप ठरतं. ती नसताना केलेली चिप म्हणजे माप न घेता शिवलेला सदरा. पहिला बोर्ड बसवायला जागा हवी असेल तर माझं वावर आहे, मामंजींना मी सांगून ठेवते.

प्रश्न : सरांनी पेन्सिलीच्या रेघेतून वीज जाते हे दाखवलं. यापासून सेन्सर होतो का? (इयत्ता आठवी, जिल्हा परिषद शाळा, ता. कारंजा, जि. वर्धा)

उत्तर : होतो, बाळ, आणि तू तो आज दुपारी करू शकतेस. पेन्सिलीत ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ६बी पेन्सिलीत ग्रॅफाइट जास्त, एचबीत चिकणमाती जास्त; म्हणून चित्रकलेची ६बी माग. जाड कागदावर ५ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद पट्टा काढ आणि तो चकाकेपर्यंत पुन्हा पुन्हा गिरव. दोन्ही टोकांना पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदाचे (अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे) तुकडे चिकटपट्टीनं घट्ट बसव. सरांच्या मल्टिमीटरवर ओहमचा मोठा टप्पा लाव.

आता पट्टा बाहेरच्या बाजूला येईल असा कागद वाकव. ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे एकमेकांपासून सरकतात आणि रोध वाढतो. पट्टा आतल्या बाजूला घेऊन वाकवलास तर ते जवळ येतात आणि रोध कमी होतो. तुझा वाकण मोजणारा सेन्सर झाला. मोठ्या इमारतींच्या सांगाड्यावर आणि कापूस तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या आत जो ताण मोजणारा सेन्सर असतो, तो याच जातीचा. फक्त तिथे धातूची पन्नी असते.

मग घरातल्या गोल वस्तू गोळा कर: बांगडी नको, ती फार बारीक आहे, पेला, डबा, पाण्याची बाटली, घागर. प्रत्येकीचा व्यास पट्टीनं मोज, पट्टा तिच्यावर गुंडाळ आणि रोध लिही. प्रत्येक वस्तूवर तीनदा. एका बाजूला व्यास, एका बाजूला रोध अशी रेघ आलेखाच्या कागदावर काढ आणि मला पाठव, अंकात छापू. कागदही ओलं खातो, म्हणून त्या दिवशी सकाळी दव किंवा धुकं होतं का, तेही वर लिहून ठेव.